यंत्रमानव घेतला, राख झटकली!

पाच यांत्रिक सिंह धावत येतात, एकमेकांत गुंतून त्यांचा एक महाकाय यंत्रमानव उभा राहतो आणि हाती धगधगती तलवार घेऊन तो अंतराळातील दैत्यांचा संहार करतो! या कल्पनेवर आधारलेला ‘व्होल्ट्रॉन’ हा प्रत्यक्ष नटनट्यांचा चित्रपट पाहायला मिळावा, म्हणून अमेरिकेतील एक पिढी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत आली आहे. २००५ च्या सुमारास या चित्रपटाची बोलणी प्रथम कानी आली. त्यानंतर निर्माते बदलले, पटकथा बदलल्या, वर्षांमागून वर्षे उलटली. अखेर अ‍ॅमेझॉन-एमजीएमने हे शिवधनुष्य उचलले. रॉसन मार्शल थर्बर यांच्याकडे दिग्दर्शन सोपवण्यात आले, हेन्री कॅव्हिल आणि स्टर्लिंग के. ब्राउन यांच्यासारखे नामवंत नट निवडले गेले आणि २०२४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात चित्रीकरणाला प्रारंभ झाला.

या प्रतीक्षेत चर्चा कशाकशाची झाली? नटाच्या पोशाखाची, सिंहांच्या रंगांची, पाच सिंह जुळतानाचे दृश्य संगणक कितपत साधेल याची. एका प्रश्नाला मात्र या गदारोळात फारसे स्थान मिळाले नाही. हा यंत्रमानव मुळात कोणाचा? कोणत्या राखेतून तो उभा राहिला? आणि तो अमेरिकेत नेताना ती राख कोणी झटकून टाकली? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास एका चित्रपटापुरते ते राहत नाही. एका राष्ट्राच्या दुःखाची स्मृती दुसऱ्या राष्ट्राच्या करमणूक व्यवसायाने सत्तर वर्षे कशी कातरली, याचा तो इतिहास आहे.

पृथ्वीची राख आणि सेंट लुईसची कात्री

व्होल्ट्रॉन हे नाव अमेरिकी आहे, यंत्रमानव जपानी. मार्च १९८१ ते फेब्रुवारी १९८२ या काळात जपानच्या दूरचित्रवाणीवर तोएई या संस्थेची ‘ह्याकुजूओ गोलायन’ ही बावन्न भागांची मालिका प्रसारित झाली. ‘श्वापदांचा राजा गोलायन’ असा त्या नावाचा अर्थ. तिचा आरंभच अंगावर काटा आणणारा आहे. वर्ष १९९९. अंतराळाची सफर संपवून पाच तरुण पृथ्वीवर परततात, तो पृथ्वी उरलेलीच नाही. अणुयुद्धात मानवजातीने स्वतःच्याच हातांनी स्वतःला भस्मसात केले आहे. त्या राखेत उभे असतानाच ते पाच जण परग्रहावरील गाल्रा साम्राज्याच्या हाती सापडतात, गुलाम होतात, अनन्वित छळ सोसतात आणि तेथून निसटल्यावर त्यांना पाच सिंह सापडतात. हे सिंह पाच का, याचीही एक कथा आहे. गोलायन एकेकाळी अखंड होता, आपल्या बळाने उन्मत्त झाला होता; त्या गर्वाची शिक्षा म्हणून एका देवतेने त्याचे पाच तुकडे केले. बळाला चढलेला माज आणि त्याने ओढवलेला नाश, हे या मालिकेचे बीज होय. १९४५ च्या ऑगस्टमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन शहरे जळताना पाहिलेल्या देशाला हे बीज दुसऱ्या कोणाकडून उसने घ्यावे लागले नाही.

पुढे ही मालिका अमेरिकेतील सेंट लुईस येथील वर्ल्ड इव्हेंट्स प्रॉडक्शन्स या संस्थेच्या हाती पडली. ती कशी पडली, याचा किस्सा मासलेवाईक आहे. या संस्थेला हवी होती सिंह असलेली दुसरीच एक जपानी मालिका. नाव नीट न सांगता ‘ती सिंहवाली’ अशी मागणी गेली आणि तोएईने गोलायनच्या फिती धाडून दिल्या, असे सांगितले जाते. फितींवरील संवाद जपानी. ते समजून घेण्याची तसदी न घेता नवे संवाद, नवी नावे आणि नवी कथा चित्रांवर चिकटवण्यात आली. सप्टेंबर १९८४ मध्ये ‘व्होल्ट्रॉन’ अमेरिकी घराघरांत पोहोचला आणि अफाट लोकप्रिय झाला.

या संस्करणात काय गेले, ते नीट पाहण्यासारखे आहे. अकिरा, इसामु, ताकाशी, त्सुयोशी आणि हिरोशी यांचे कीथ, लान्स, स्वेन, हंक आणि पिज झाले. मूळ मालिकेत ताकाशी शिरोगाने सहाव्याच भागात प्राण गमावतो आणि उरलेल्यांच्या लढ्याला त्या मरणाचे वजन येते. अमेरिकी स्वेन मरत नाही, जखमी होऊन उपचारांसाठी रवाना होतो! एवढ्यावर थांबले असते, तर ‘बालप्रेक्षकांच्या कोवळ्या मनाची काळजी’ या सबबीखाली ते खपलेही असते. परंतु सर्वांत मोठा फेरफार पहिल्याच भागात आहे. पडद्यावर चित्रे तीच, होरपळलेली नगरे तीच. मात्र निवेदक सांगतो की, ही पृथ्वी नव्हेच, हा कुठला तरी अ‍ॅरस नावाचा ग्रह आणि त्याचा विध्वंस केला तो झार्कन नावाच्या दुष्ट राजाने. अणुयुद्ध नाही, मानवाचा अपराध नाही, पश्चात्ताप नाही. राखेचा धनी बदलला आणि पापाचाही. ज्या देशाने मानवी इतिहासात प्रथम आणि आजवर एकमेव वेळी अणुबाँब माणसांच्या वस्तीवर टाकला, त्या देशातील मुलांना अणुयुद्धाची कथा दाखवताना नेमका अणुबाँबच वगळावा, हा निव्वळ योगायोग मानायचा काय?

कातरण्याची जुनी परंपरा

व्होल्ट्रॉनची ही एकच गोष्ट असती, तर घाईगडबडीत झालेली चूक म्हणून ती सोडून देता आली असती. तिच्याआधी आणि तिच्यानंतरही हेच घडले आहे. त्यासाठी महायंत्रमानवासमोर उभ्या ठाकणाऱ्या दैत्याचा मूळपुरुष पाहावा लागेल. त्याचे नाव गोजिरा. जगाला तो गॉडझिला म्हणून ठाऊक आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. पंधरा मेगाटनांचा तो स्फोट हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होता. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सर्गी राखेचा पाऊस पडला. तिच्यावरील तेवीस जण आजारी झाले आणि त्यांपैकी बिनतारी यंत्र चालवणारे आइकिची कुबोयामा यांनी २३ सप्टेंबरला प्राण सोडला. किरणोत्सर्गी मासे जमिनीत गाडावे लागले. टोकियोच्या सुगिनामी विभागातील गृहिणींनी अण्वस्त्रांविरुद्ध सह्या गोळा करायला घेतल्या आणि वर्षभरात देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. हे जनमत खदखदत असतानाच ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तोहो या संस्थेचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून मायदेशी परतताना बेचिराख हिरोशिमा डोळ्यांनी पाहून आले होते. चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात समुद्रावर लख्ख प्रकाश चमकतो आणि एक नौका पेटून बुडते. तो प्रसंग कोणत्या नौकेची आठवण देत होता, हे जपानी प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. सुमारे ९६ लाख तिकिटे विकली गेली.

१९५६ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत आला तो रेमंड बर या नटाचे प्रसंग नव्याने चित्रित करून, मध्ये घुसवून. शहाण्णव मिनिटांचा चित्रपट ऐंशी मिनिटांचा झाला. आगगाडीत बसलेली एक तरुणी आपण नागासाकीतून कशाबशा वाचलो असे बोलते, ते संवाद गेले. अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल, हा वृद्ध शास्त्रज्ञाचा शेवटचा इशाराही गेला. त्याजागी जग आता निर्धास्त झाले, असा दिलासा आला. मूळ चित्रपट अमेरिकेच्या चित्रपटगृहांत सर्वदूर पोहोचायला २००४ साल उजाडले. म्हणजे पन्नास वर्षे!

पुढची पायरी १९९८ ची. त्या वर्षीच्या अमेरिकी गॉडझिलात दैत्याच्या जन्माचे खापर फ्रान्सच्या अणुचाचण्यांवर फोडण्यात आले. बिकिनीवर बाँब कोणी फोडले, याचा निर्मात्यांना सोयीस्कर विसर पडला. २०१४ च्या चित्रपटाने तर कमालच केली. १९५४ मधील प्रशांत महासागरातील स्फोट चाचण्या नव्हत्याच, तो दैत्याला ठार मारण्याचा प्रयत्न होता, असे त्यात सांगितले जाते आणि तेही एका जपानी शास्त्रज्ञाच्या तोंडून. ज्या स्फोटाने कुबोयामांचा बळी घेतला, तो आता मानवजातीच्या संरक्षणार्थ झालेला ठरला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ती म्हण येथे अपुरी पडते. कारण येथे खाणाऱ्याने आपण शेळीला वाघापासून वाचवत होतो, असा दावा केला आहे!

त्या शास्त्रज्ञाचे नाव सेरिझावा. हे नाव १९५४ च्या चित्रपटातून घेतलेले आहे. मूळचे डॉ. सेरिझावा एका भयंकर अस्त्राचे जनक असतात. ते अस्त्र सत्ताधीशांच्या हाती पडू नये म्हणून ते आपली टिपणे जाळतात आणि एकदाच त्याचा उपयोग करून स्वतःही समुद्रतळाशी प्राण देतात. २०१९ च्या अमेरिकी चित्रपटातील सेरिझावाही आत्मबलिदान करतात. पण ते गॉडझिलाला संजीवनी देण्यासाठी अणुबाँब स्वहस्ते फोडून! संहारक अस्त्राला नकार देणाऱ्या माणसाचे नाव संहारक अस्त्र फोडणाऱ्याला चिकटवण्यात आले.

यंत्रमानव आणि दैत्य यांची प्रत्यक्ष झुंज दाखवणारा २०१३ चा ‘पॅसिफिक रिम’ या मालिकेत बसतो की नाही? दिग्दर्शक गिलर्मो देल तोरो यांचे जपानी दैत्यपटांवरील प्रेम अस्सल आहे, याविषयी शंका नाही. दैत्यांना त्यांनी ‘काइजू’ हे जपानी नाव दिले आणि चित्रपट रे हॅरीहाउसेन यांच्याबरोबर इशिरो होंडा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण शेवट कसा होतो? समुद्रतळाशी एक यंत्रमानव अणुबाँब फोडतो, दुसऱ्याची अणुभट्टी उडवून दिली जाते आणि जग वाचते. होंडांच्या नावाने वाहिलेल्या ओंजळीतही अखेर अणुस्फोटच निघावा! प्रेम असूनही हे घडते, तेथे केवळ नफ्यासाठी काम करणाऱ्यांकडून कोणती अपेक्षा ठेवायची?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

‘हा मुलांचा खेळ, त्यात इतिहास कशाला शोधता?’ असा पहिला आक्षेप येईल. गोलायन खेळणी विकण्यासाठीही होता, हे खरेच आहे. १९७२ च्या ‘माझिंगर झेड’ नंतर १९७४ मध्ये त्याची धातूची खेळणी बाजारात आली आणि तेव्हापासून जपानी यंत्रमानव आणि खेळण्यांचे दुकान यांची जोडी सुटलेली नाही. पण म्हणूनच मुद्दा अधिक गंभीर होतो. खेळणी विकत असतानाही जपानी लेखकाला बेचिराख पृथ्वी मुलांपासून लपवावीशी वाटली नाही. मित्सुतेरु योकोयामा यांनी १९५६ मध्ये ‘तेत्सुजिन २८’ हा महायंत्रमानव रेखाटला. बाँबवर्षावाने जळालेले कोबे शहर त्यांनी बालपणी पाहिले होते आणि त्यांचा तो यंत्रमानव जपानी सैन्याने महायुद्धाच्या अखेरीस घडवायला घेतलेले अस्त्र होता. जपानी यंत्रमानवाच्या मुळाशी युद्ध आहे आणि ते मुलांना कळू देण्यात जपानी लेखकांना संकोच वाटला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मालकाने विकले, ग्राहकाने घेतले, तक्रार कसली? कागदोपत्री व्यवहार चोख असेल. पण वाडा विकत घेणाऱ्याने माजघरातील पूर्वजांच्या तसबिरी उकिरड्यावर टाकल्या, तर कायद्याने तो दोषी ठरत नाही. सज्जनही ठरत नाही.

‘जपान्यांनीही हेच केले’ हा तिसरा आक्षेप. खरेच केले. १९७८ मध्ये तोएईने अमेरिकी स्पायडरमॅन घेऊन त्याच्या दिमतीला लिओपार्डन नावाचा महायंत्रमानव दिला. ती गंमत होती आणि स्पायडरमॅनचे नाव कोणी लपवले नव्हते. कोळ्याच्या वेषातील नायकाला यंत्रमानव दिल्याने अमेरिकेची कोणतीही जखम पुसली जात नव्हती.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. जपानने हिरोशिमा आठवले, पण आपल्याच सैन्याने चीनमध्ये केलेले अत्याचार या चित्रपटांत किती आठवले? उत्तर जपानला सुखावणारे नाही. तथापि आपल्या वहीतील लाजिरवाणे पान दडवणे आणि दुसऱ्याच्या वहीतील दुःखाचे पान फाडणे, हे दोन वेगळे अपराध आहेत. पहिल्याने दुसरा माफ होत नाही.

प्रेक्षक तयार आहे, निर्माता आहे काय?

‘अमेरिकी प्रेक्षकाला हे झेपणार नाही’ ही सबब तरी आता उरलेली नाही. २०२३ मध्ये ताकाशी यामाझाकी यांचा ‘गॉडझिला मायनस वन’ आला. काळ १९४५ ते १९४७, भाषा जपानी, नायक आत्मघातकी हल्ल्यातून माघारी फिरलेला वैमानिक आणि पार्श्वभूमी जळून गेलेल्या टोकियोची. दीड कोटी डॉलरहूनही कमी खर्चात, अवघ्या पस्तीस कलावंतांनी त्याची ६१० तांत्रिक दृश्ये घडवली. अमेरिकेत तो गर्दी खेचून गेला आणि मार्च २०२४ मध्ये दृश्यपरिणामांचे ऑस्कर त्याने पटकावले. त्या विभागात जपानी चित्रपटाचा हा पहिलाच सन्मान. दुःखाची कथा तिच्या भाषेत आणि तिच्या काळात ठेवून सांगितली, तर परका प्रेक्षकही ती ऐकतो, हे यामाझाकींनी सिद्ध केले.

खुद्द व्होल्ट्रॉनच्या घरातही एक चांगली खूण दिसली आहे. २०१६ ते २०१८ या काळात नेटफ्लिक्सवर आलेल्या नव्या अ‍ॅनिमेशन मालिकेत शिरो नावाचा नायक आहे आणि त्याचे पूर्ण नाव ठेवले ते ताकाशी शिरोगाने. १९८४ मध्ये पुसलेले नाव बत्तीस वर्षांनी परत आले. साम्राज्याचे गाल्रा हे मूळ नावही परतले. ज्यांनी हे केले, त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. एक नाव परत येऊ शकते, तर राख झालेली पृथ्वीही येऊ शकते. प्रश्न सामर्थ्याचा नाही, इच्छेचा आहे.

म्हणून या चित्रपटाकडे मागण्यासारख्या गोष्टी दोनच. श्रेयनामावलीत ‘गोलायन’ हे नाव आणि त्याच्या जपानी कर्त्यांचा उल्लेख ठळकपणे असावा. आणि यंत्रमानवाच्या हाती तलवार देताना, तो ज्या राखेतून उठला ती राख कोणत्या युद्धाची होती, हे सांगण्याचे धैर्य कथेने दाखवावे. तलवार चमकदार आहे की नाही, हे नंतर पाहता येईल.

मराठी कुटुंबांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. जपानी चित्रकथा परक्या राहिलेल्या नाहीत. डोरेमॉन आणि शिनचॅन यांच्यासोबत येथील एक पिढी लहानाची मोठी झाली आहे. अ‍ॅमेझॉनचे चित्रपट येथील दिवाणखान्यांतही पाहिले जातात. हा चित्रपट घरात लागेल, तेव्हा मुलांना तो अवश्य पाहू द्यावा. पाच सिंह जुळताना त्यांनी टाळ्या पिटल्या, तर त्यात वावगे काही नाही. पण चित्रपट संपल्यावर पालकांनी नकाशा उघडावा आणि हिरोशिमा दाखवावे, जेथे १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली. नागासाकी दाखवावे. बिकिनी दाखवावे. त्या नौकेचे आणि कुबोयामांचे नाव सांगावे. ऑगस्टमध्ये अधिवेशन चालू असल्यास भारताची संसद हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांना श्रद्धांजली वाहत आली आहे. ती कोणासाठी, हे मुलांना तेव्हा उमगेल.

अमेरिकी निर्मात्याने ते सांगितले तर उत्तमच. त्याने नाही सांगितले, तर ते घरात सांगितले जावे. त्यासाठी दहा मिनिटे पुरतात.